शनिवारची तालीम

गुरुवारच्या तालमीत, संथ भागाच्या ऐन मध्यावर, धाकटीचा सूर एकटाच पुढे गेला आणि बाकीचे तिघे मागे राहिले.

अंतर फार नव्हतं, अर्ध्या श्वासाइतकं असेल. पण चौघांनी मिळून वाजवताना अर्धा श्वास पुष्कळ असतो. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन लागावी, तशी ती दचकली. गज उचलून म्हणाली, "माझी चूक."

असं म्हणायची तिला सवयच होती.

"होतं गं," वकील म्हणाला. पहिलं व्हायोलिन त्याचं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता, सनद मिळायला अवकाश होता, पण वाद घालायची हौस जन्मजात. "मागच्या वळणापासून घेऊ."

तालीम चालायची रसायनशास्त्राच्या जुन्या व्याख्यानगृहात. वर्ग नव्या इमारतीत हलल्यापासून ती खोली कुणालाच नको होती. चढत जाणारी बाकं, ॲसिडने डागाळलेलं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात एक नळ, जो कितीही पिळला तरी ठिबकत राहायचा. चिमणी त्याला 'आपला पाचवा मेंबर' म्हणायची. चिमणी म्हणजे चेलोवाली. अंगाने एवढीशी आणि पाठीवर जवळजवळ स्वतःएवढा चेलो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पेटीच पाय फुटून चालत येतेय. व्हायोला वाजवायचे डॉक्टर. पदार्थविज्ञानातली त्यांची पीएच.डी. इतकी वर्षं रखडली होती की विद्यापीठाची वाट न बघता मित्रांनीच त्यांना ती देऊन टाकली होती. चौघं स्वतःला चांडाळचौकडी म्हणवत. धाकटी दुसऱ्या व्हायोलिनवर. 'धाकटी' हे तिचं घरातलं नाव. फोनवर ताईच्या तोंडून ते चिमणीने एकदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून चौकडीतही तेच झालं.

मागच्या वळणापासून घेतलं. तीच जागा आली. मुख्य धून परत सुरू व्हायच्या आधी तिघांचे गज किंचित थबकले आणि मग एकदम उतरले. या खेपेला धाकटीने वाजवलंच नाही. तिने नुसतं ऐकलं.

ती सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी आली तर हात चुकला म्हणून सोडून द्यायचं, आणि सगळ्या बशांत तीच बुरशी आली तर ती कुठून आली ते शोधायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. एक जण थबकला असता तर तिने चूक म्हणून सोडून दिली असती. तिघं एकाच जागी, एकाच मापाने थबकत होते. याला सराव म्हणतात. आणि हा थांबा त्यांच्या सरावात कधीच नव्हता. उलट त्यावरून हिवाळाभर भांडण झालं होतं. वकिलाला तो हवा होता. धाकटी म्हणायची, नको, तिथे थांबलं की रडं येतं, न थांबता गेलं की जास्त लागतं. शेवटी डॉक्टरांनी तिच्या बाजूने मत दिलं होतं आणि वकील आठवडाभर तोंड फुगवून बसला होता.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी तीही थांबली. त्यांच्याइतकंच थांबली आणि त्यांच्याबरोबर उतरली. सूर सुरेख जुळले. तिने वकिलाकडे पाहिलं. साधा पत्त्यांचा डाव जिंकला तरी गावभर दवंडी पिटणारा हा माणूस. आता तर तिने त्याच्या हट्टापुढे मान तुकवली होती. पण तो खाली वाकून गजाला राळ घासत बसला. डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला. चिमणी चेलो पेटीत घालायलाही लागली होती.

"मला ग्रंथालयात जायचंय. तू हो पुढे," ती म्हणाली.

दोघी एका खोलीत राहायच्या. तालमीनंतर एकत्र परत जायचं, वाटेत वकिलाची नक्कल करायची आणि पोट दुखेपर्यंत हसायचं, असा त्यांचा क्रम होता. धाकटी एकटी निघाली. नळ तिच्यामागे ठिबकत राहिला.

दौरा दोन आठवड्यांवर आला होता. समुद्रकाठच्या तीन शहरांतल्या विद्यापीठांनी बोलावलं होतं, शेवटचा कार्यक्रम तर बंदराजवळच्या जुन्या नाट्यगृहात होता. धाकटीने समुद्र पाहिला नव्हता. तिचा प्रवास म्हणजे शनिवारची बस आणि रविवारची परतीची बस. गेल्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बहिणींनी वाटणी केली होती. ताई आईच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहायची, म्हणून सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे. शनिवार-रविवार धाकटीचे. बसमध्ये ती मांडीवर पुस्तक ठेवून अभ्यास करायची आणि डाव्या हाताची बोटं पुस्तकाच्या कडेवर सूर धरत राहायची. शेजारच्या बाईने एकदा काळजीने विचारलं होतं, "हाताला काही होतंय का गं बाळा?"

दौऱ्याच्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती. विभागाच्या मॅडमकडे जायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. धाकटी गेली. परीक्षा आधी देऊ द्या म्हणाली. "म्हणजे तुझ्या एकटीसाठी मी सगळं मांडायचं?" मॅडमनी चष्म्यावरून विचारलं. "नाही. मी सगळ्यांसाठी मांडून देते," धाकटी म्हणाली. आणि खरंच, अख्ख्या वर्गाला पुरतील इतक्या बशा तिने ओतून दिल्या. आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, गरम असताना ओतलं तर झाकणाला घाम धरतो, थंड झालं तर गुठळ्या होतात. मधला थोडासा वेळ असतो तेवढ्यात हात चालवायचा. परीक्षा देऊन झाली. मॅडम "बरी झाली" म्हणाल्या, म्हणजे उत्तम झाली. आता दौऱ्याला जायला काहीच आड येत नव्हतं.

असं तिला गुरुवार दुपारपर्यंत वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर दोघी वाळलेल्या चादरी काढत होत्या. चादरीची घडी एकटीने धड होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. चिमणी आज बडबड करत नव्हती.

"शनिवारी कोण येतं?" धाकटीने विचारलं.

"कुठे?"

"माझ्या खुर्चीत."

चिमणीच्या हातून टोक सुटलं. चादर धुळीत पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही तिघांनी. काल. त्या थांब्याच्या जागी."

"मी म्हटलं होतं वकिलाला, वाजवताना विसरू नकोस म्हणून," चिमणी पुटपुटली आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली.

"बोल आता. अर्धं बोललीसच."

"पहिल्या वर्षाची आहे. संगीत विभागातली. तू नाहीच येणार म्हणून आम्ही..."

"मी येणार नाही असं कोण म्हणालं?"

चिमणीने चादर छातीशी धरली. "तुझी ताई. तिचा मला फोन आला होता. म्हणाली, आई पुन्हा पडली, हाडाला परत चीर गेलीय, दवाखान्यात म्हणतात माणूस पाहिजे जवळ. म्हणाली, धाकटीला हे सगळं माहीत आहे, पण तुमच्यापुढे नाही म्हणायला तिचा जीव होत नाही. तुम्हीच तिला मोकळी करा. आणि मी फोन केला हे तिला कळू देऊ नका, ती मोडून पडेल."

धाकटीला आई डोळ्यांसमोर दिसली. गेल्या रविवारी काठी दारामागे ठेवून ती जिन्यापर्यंत निरोप द्यायला आली होती. वर म्हणाली होती, "बघ, मी आता शर्यत लावीन तुझ्याशी."

"आई पडलेली नाही," धाकटी म्हणाली.

चिमणीने छातीशी धरलेली चादर खाली घेतली.

"आपल्या दोघींच्या पलंगांमध्ये जेमतेम एक स्टूल मावतं, चिमणे. रोज सकाळी माझ्याच साबणाने तोंड धुतेस. तुला एकदाही असं झालं नाही, की विचारावं, आई कशी आहे?"

"ताईने शपथ घातली होती गं..."

"आईची तब्येत विचारायला शपथ आड येते?"

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडकीच होती, सिनेमातला कुत्रा हरवला तरी रडायची. पण या वेळी रडतानाच तिने खरं काय ते सांगितलं. "ती नवी फार छान वाजवते. पहिल्याच शनिवारी कळलं. मग मला वाटलं, विचारलं आणि तू म्हणालीस की आई बरी आहे, तर?"

हे ऐकल्यावर धाकटीने तिच्या हातातून चादर घेतली आणि एकटीनेच तिची घडी घातली. घडी वाकडी झाली.

दुपारी खानावळीत वकील तिच्यासमोर येऊन बसला. चिमणीने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्याने आधी पाण्याचा अख्खा ग्लास पिऊन घेतला.

"हे बघ, खोट्या माहितीवर घेतलेला निर्णय आपोआप रद्द होतो. कायदाच आहे तो. जागा तुझी आहे. तू फक्त हो म्हण. सोमवारी नावं द्यायची आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत कळव."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, चिमणी सांगेल."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना वाटलं, मी सांगेन." तो कसनुसा हसला. "म्हणजे आम्ही गाढवच. पण वाईट हेतू कुणाचा नव्हता, एवढं तरी मान."

"दर गुरुवारी माझ्याबरोबर वाजवत होतात. ते कशासाठी?"

वकिलाने ग्लास उचलला. तो रिकामा होता.

शनिवारी ती नेहमीच्या बसने घरी गेली. पुस्तक बॅगेतच राहिलं. बाहेर शेतं, गोदामं, पेट्रोल पंप एकामागून एक मागे पडत होते आणि तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. नवीबरोबरच्या तालमी शनिवारीच का? कारण शनिवारी ती तिथे नसते. आई-ताईसाठी बसमध्ये बसलेली असते. तिकडे तिची खुर्ची रिकामी व्हायची ती इकडच्यांसाठी, आणि इकडच्यांनीच तिकडे फोन करून ती भरून टाकली होती.

धाकटी पोचेपर्यंत थांबलेली ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतंय की ते?' विचारून विचारून तिच्या बोलण्यात एक ठामपणा आला होता. आई आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होती.

"आज लवकर आली वाटतं बस? ये, हात धू आणि बस सोलायला."

धाकटी हात न धुताच बसली. "आईची तब्येत कशी आहे?"

"दिसत नाही का? परवा काठी विसरून गॅलरीत गेली. आता माझ्याच गुडघ्यांना काठी लागेल तिच्यामागे पळून."

"चिमणीला तू सांगितलंस, परत पडली म्हणून."

ताईच्या अंगठ्याखाली शेंग फुटली आणि दाणे टेबलावर उडाले. ते गोळा करायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"पोटात काही राहत नाही त्या पोरीच्या."

"चांगलं राहिलं. इतके दिवस राहिलं."

"हे बघ धाकटे, आधी ऐकून घे." ताईने वाटी बाजूला सारली. "आठवड्याचे पाच दिवस मी येते इथे. दुकान, माझं घर, आणि हे. तू शनिवारी बॅग खांद्याला लावून उतरतेस, आणि आई शेजारच्या काकूंना सांगते, 'माझी धाकटी किती करते हो माझं!' पाच दिवसांवालीचं नाव नाही."

"हे खरं आहे."

"खरं आहे ना?" धाकटीने इतक्या चटकन मान्य केल्यावर ताई जरा गडबडली. "तर मग. तुझ्या भाऊजींना सुट्टी मिळाली ती नेमकी त्याच आठवड्यात. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं कुठे गेलेलो नाही. डोंगरात एक खोली मिळालीय. तू दौऱ्यावर गेलीस तर आईपाशी कोण?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय! मग जन्मभर ऐकायचं. धाकटीने दौरा सोडला, धाकटीने ताईसाठी समुद्र सोडला. तू नसतीस बोललीस, पण बाकी सगळे बोलले असते. त्या डोंगरावर बसून मला तुझे उपकार आठवायचे नव्हते. म्हटलं, तुझ्या चौकडीनेच काढलं तर तू त्यांच्यावर चिडशील. चार दिवस रडशील, घरी येशील, मी तुला जवळ घेईन." ताईचा आवाज चिरकला. "खरंच घेतलं असतं."

ते धाकटीला पटलं. ताईने तिला जवळ घेतलं असतं, केसांवरून हात फिरवला असता, त्या मेल्या चौकडीला चार शिव्याही घातल्या असत्या. आणि धाकटी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून शांत झाली असती. ते चित्र तिच्यापुढे इतकं स्वच्छ उभं राहिलं की तिने खुर्ची मागे सरकवली.

आतला रेडिओ बंद झाला. काठीचा आवाज जवळ आला.

"तिच्यावर ओरडू नकोस," आई दारातून म्हणाली.

"मी ओरडतच नाहीये, आई."

"मला विचारूनच केलं तिने."

धाकटीने वर पाहिलं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ऑपरेशननंतर दर शनिवारी या बाईला अंघोळ घालताना, तिचे पाय पुसताना, धाकटीला एकच समाधान वाटायचं, की हिच्यापाशी तरी आपल्याला काही लपवायचं नाही आणि हिलाही आपल्यापासून.

"तुला माहीत होतं? गेल्या रविवारी मी तुला कार्यक्रमातल्या सगळ्या धुना गुणगुणून दाखवल्या. तू ताल धरलास. तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि ताल धरलास."

"तू एवढी आनंदात होतीस. माझ्याने तोंड उघडवेना." आई हळूहळू खुर्चीत बसली. "मोठीचं गेलं वर्ष चांगलं नाही गेलं, बाळा. घरी येऊन दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तिला जायलाच हवं होतं कुठेतरी. आणि तू समजून घेतेस. ही नाही घेत. लहानपणापासून बघतेय मी."

"आई!" ताई म्हणाली, पण त्यात दम नव्हता.

प्रयोगशाळेत आगीवर ठेवायची काच वेगळी असते. ती तडकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा तीच घेतात. धाकटीला आठवलं, चिमणीही काल हेच म्हणाली होती, गच्चीच्या जिन्यात, नाक पुसत: "मला वाटलं, तू समजून घेशील." तीन माणसांनी, आपापल्या परीने, एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला होता. आणि इतकी वर्षं तिला तो स्वतःचा गुण वाटत होता.

ताईने पुन्हा वाटी ओढली. "चल, झालं ते झालं. मी चुकले म्हण हवं तर. पण आता जागा गेलीच आहे, तर त्या आठवड्यात तू..."

"जागा गेलेली नाही. परत देताहेत मला. आज सांगायचंय."

ताईचा चेहरा पडला. आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दोघी तिच्याकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या बघण्यात काय होतं ते तिला ओळखीचं होतं. त्या वाट बघत होत्या. आता ती उसासा टाकेल, 'जाऊ दे' म्हणेल आणि मटाराची शेंग उचलेल.

तिने फोन उचलला. बाहेर जावं असं क्षणभर मनात आलं, पण ती तिथेच बसून राहिली. वकिलाने पहिल्या घंटीलाच घेतला.

"बोल! येतेयस ना?"

"त्या नवीला काय सांगणार तुम्ही?"

"तिचं तू डोक्यात घेऊ नकोस. तिला सांगू काहीतरी. परीक्षा आहे तिची, विभागाने परवानगी नाही दिली, असं काही. चिमणी सांगेल. चिमणीला जमतं ते बरोबर, समोरच्याला लागत नाही."

धाकटीने त्या मुलीला पाहिलंही नव्हतं. पण तिला ती दिसली: खोलीत एकटी, संथ भाग घोकत असलेली, घरी फोन करून समुद्राबद्दल सांगत असलेली. सोमवारी चिमणी तिच्याकडे जाईल, पाणावल्या डोळ्यांनी तिचा हात हातात घेईल. आणि मग दौऱ्यात, रेल्वेच्या डब्यात, हे तिघे धाकटीच्या समोर बसतील. वाजवताना माणूस समोरच्याचा चेहरा बघत नाही, त्याच्या श्वासावर विसंबून गज टाकतो. तिला आता प्रत्येक सुराआधी चेहरे बघावे लागतील.

"हॅलो? आहेस ना?"

"तिलाच घेऊन जा."

"अगं, पण..."

"आणि माझं काय झालं ते तिला खरं खरं सांगा. चिमणीला सांगू देऊ नकोस. तू सांग."

तिने फोन टेबलावर ठेवला. ताईने इतका मोठा श्वास सोडला की मटाराची सालं हलली. ती उठली, धाकटीच्या मागे आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला माहीत होतं गं. तू शेवटी आपली..."

"हात काढ, ताई."

हात निघाला.

"त्या आठवड्यात मी इथे येणार नाहीये."

"म्हणजे? दौऱ्यालाही जात नाहीस, घरीही येत नाहीस? मग हे सगळं कशासाठी?"

"तू डोंगरात जा. नाहीतर जाऊ नकोस. आईपाशी कोण राहील ते तुम्ही दोघी ठरवा. तुम्हाला ठरवता येतं."

"आणि तू कुठे असशील?"

आजवर ती सगळं सांगत आली होती. बस सुटली, बस पोचली, जेवले, पेपर बरा गेला, आज तार तुटली. ताईला, आईला, चिमणीला, प्रत्येकीला वेगवेगळं आणि सगळं. आता तिच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतंच. त्या आठवड्यात आपण कुठे असू हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. पण तेवढंही तिने सांगितलं नाही.

"ते मी सांगणार नाही."

"बघितलंस आई? बघितलंस हिचं?" ताईने पर्स उचलली, चप्पल पायात अडकवली, एक चप्पल उलटी झाली, ती सरळ करताना तिला रडू फुटलं. "मी वाईट, मी खोटारडी, कबूल! पण पाच दिवस येते मी. पाच दिवस!" दार आपटलं. जिन्यावर पावलं उतरत गेली आणि मध्येच थांबली. बराच वेळ थांबली. मग खाली गेली.

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. मटार अर्धे सोललेले होते. ते तसेच सोडून धाकटी उठली, हात धुतले, आणि आईला धरून आत पलंगावर नेलं, कारण तिच्या पायाच्या व्यायामाची वेळ झाली होती आणि व्यायाम चुकला तर खुबा आखडतो. उशी गुडघ्याखाली सरकवली. एक हात टाचेखाली, एक मांडीखाली.

"उचला," ती म्हणाली. आईला ती एरवी 'अगंतुगं' करायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईची नक्कल म्हणून 'उचला, सोडा' करायची त्यांची गंमत होती. आज त्यात गंमत नव्हती, आणि ते दोघींनाही ऐकू आलं.

आईने पाय उचलला. तो तिच्या तळहातावर थरथरला. गेल्या महिन्यापेक्षा कमी.

"रागावलीस?"

"हो."

आईने तिच्याकडे पाहिलं. नेहमी या प्रश्नाला 'छे गं' असं उत्तर यायचं. ते ऐकायचीच आईला सवय होती.

"जाईल ना पण?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"माझ्यावरचा जास्त आहे की ताईवरचा?"

"तुझ्यावरचा."

आईचे डोळे भरले. धाकटीने ते पाहिलं. तिच्या घशाशी नेहमीचे शब्द आले, अगदी जिभेवर आले, आणि तिने ते गिळले. पाय तिने सोडला नाही. टाच तळहातात घट्ट होती, मांडीला आधार होता, कोन बरोबर होता.

"सोडा," ती म्हणाली. "आता पुन्हा."